अवसेचा रिकामा रकाना

तीन दिवसांपूर्वी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, पुसदच्या बाजारात भाजी आणायला गेले होते. वांगी राहिली बाजूला, आणि मी एका गोंडेवाल्यापुढे जाऊन उभी राहिले. झुली, बेगड, रंगीत दोऱ्यांचे गोंडे, मातीचे बैल. तो म्हणाला, "किती जोड्या हायेत तुमच्या, बाई?" मी म्हटलं, एकही नाही. "मंग पाहून काय राह्यल्या?" असं म्हणून त्याने माझ्यामागच्या गिऱ्हाइकाकडे मान वळवली. त्याचं बरोबरच होतं. मी गोंडे पाहत नव्हतेच. पोळा आला की लोकांना बैल आठवतात, मला गेल्या वर्षापासून एक रिकामा रकाना आठवतो.

माझा धंदा मोबाइलची अॅप बनवण्याचा आणि आकड्यांचे ढीग उपसून त्यांतून काही अर्थ काढण्याचा. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी पुसदला घरी बसून करते, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, कुकरच्या शिट्ट्या मोजत. बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट कळली, की या धंद्यातल्या चुका फार थोड्या असतात आणि जगभर त्याच असतात. तारीख उलटी वाचली जाते. फोन आडवा केला की लिहिलेलं पुसलं जातं. एकच नोंद दोनदा येते. रिकाम्या जागेचा अर्थ चुकीचा लागतो. नव्या पोरापोरींना शिकवताना मी या चुका बोटांवर मोजून दाखवायची, आणि दाखवताना मनात यायचं की आपण आता यांच्या पलीकडे गेलो. शिंगं फुटली होती, दुसरं काय.

वत्सलाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. पुसदहून एसटीने पाऊण तासावर तिचं गाव, आणि गावाबाहेर तिचं चार एकर वावर. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि मधून मधून तुरीच्या ओळी. तिचे यजमान गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, वावर तीच पाहते. पेरणीपासून वेचणीपर्यंत प्रत्येक झाडाला तिचा हात लागलेला असतो, आणि हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी गुलाबी बोंडअळीने तिची निम्मी पऱ्हाटी आतून खाल्ली. बाहेरून बोंड हिरवंगार, टपोरं, आणि फोडलं की आत नुसती कवडी, किडका काळपट कापूस. त्या दिवाळीला आत्या माझ्याकडे आली होती. फराळाचं ताट पुढे तसंच ठेवून म्हणाली, "आणखी एकडाव असं झालं तं म्या वावर ठेक्यानं देऊन टाकीन, मंजू. कोनीबी करो. मले मंग पाहा नाई लागनार." ती रागाने बोलली असती तर मी हसून सोडून दिलं असतं. ती अगदी सावकाश बोलली.

म्हणून गेल्या वर्षी आखाड संपता संपता मी अॅप बनवलं. कोणी मागितलं नव्हतं. आत्याच्या गावातल्या आणि शेजारच्या बंजारा तांड्यावरच्या मिळून आठ बाया, त्यांच्या वावरांत अठरा कामगंध सापळे. सापळा म्हणजे काठीला टांगलेलं पिवळं नरसाळं, खाली पारदर्शक लांब पिशवी, वर एक इवलीशी गोळी. त्या गोळीला मादी पतंगाचा वास. नर त्या वासावर येतात आणि पिशवीत पडतात. रोज सकाळी किती पडले ते मोजायचं, फोनवर आकडा टाकायचा, पिशवी रिकामी करायची. एका सापळ्यात सलग तीन दिवस आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले, की फवारणीची वेळ झाली असा कृषीवाल्यांचा ठोकताळा आहे. तेवढं गणित माझ्या कोडने करायचं, आणि वावराच्या नावापुढे हिरवा नाहीतर तांबडा ठिपका दाखवायचा.

पहिल्या सकाळी आत्याने पिशवी सोडून तळहातावर उपडी केली तेव्हा मी त्या पतंगांकडे बघतच राहिले. ज्वारीच्या दाण्याएवढा जीव, मातकट रंगाचा, फुंकर मारली तर उडून जाईल असा. एवढ्याशा जिवाला तासभर चाललं तरी न संपणाऱ्या पऱ्हाटीत, अंधारात, एका गोळीचा वास येतो. तो येतो आणि तिथे कोणीच नसतं. आत्या एकेक पतंग बाभळीच्या काट्याने बाजूला सारत मोजत होती. "पाच," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "बिचारे." ज्यांनी तिची निम्मी पऱ्हाटी बुडवली, त्यांना ती बिचारे म्हणाली.

मग माझ्या चुका एकेक करून माझ्याकडे आल्या, सोयरे यावेत तशा. पहिल्याच आठवड्यात आलेख उघडला तर पतंगांची एक झुंड मे महिन्यात. मे महिन्यात वावरात पऱ्हाटी नसते, ढेकळं असतात. ऑगस्टची पाच तारीख माझ्या कोडने मे महिन्याची आठ तारीख म्हणून वाचली होती. तारीख आधी की महिना आधी, हे यंत्राला आपण सांगायचं असतं. मी ते बारा वर्षं लोकांना सांगत आले, आणि माझ्याच अॅपला सांगायचं राहिलं. मग कळलं की मराठी आठ टाकला तर अॅप घेत नाही, इंग्रजीच मागतं. मग एका बाईचा आकडा टाकता टाकता लेकीचा फोन आला आणि परत येईस्तोवर आकडा गायब. हे सगळं मी दुरुस्त करत गेले. बसस्टँडवर बसून, एसटीत मांडीवर लॅपटॉप घेऊन, आत्याच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर.

तांड्यावरच्या गमली याडीची गंमत तर मी अजून नव्या पोरांना सांगते. याडी म्हणजे गोरबोलीत आई. तांड्यावर वडीलधाऱ्या बाईला सगळे याडीच म्हणतात. तिच्या एका सापळ्याची एकाच सकाळची नोंद अकरा वेळा आलेली. तांड्यावर रेंज नाही, ती फक्त वेशीवरच्या पिंपळाखाली येते. याडी पिंपळाखाली जाऊन बटण दाबत होती, अॅप गोल गोल फिरत होतं, आणि ती पुन्हा दाबत होती.

"याडी, एकदा दाबलं की झालं," मी म्हटलं.

"कोनाले हाक मारली अन् त्यानं ओ नाई देली, तं आपुन एकदाच हाक मारून घरी येतो काय बाई?"

चूक तिची नव्हती, माझ्या अॅपने ओ दिली नव्हती. मग मी प्रत्येक नोंदीला ती लिहिताक्षणी एक ओळख चिकटवली, म्हणजे तीच नोंद शंभरदा आली तरी एकदाच धरली जाईल. आणि रेंज नसली तर नोंद फोनमध्येच थांबेल, पोचल्याची खूण परत येईपर्यंत पुसली जाणार नाही. हे जमलं तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश झाले होते. तो श्रावणातला ऊन-पावसाचा दिवस, पिंपळाखालचा ओला दगड आणि याडीच्या हातातल्या फोनवर पहिल्या दाबाला उमटलेली हिरवी खूण अजून डोळ्यांपुढे आहे.

आणखी एक चूक मात्र माझ्या लक्षात आली नाही, कारण ती मी दुरुस्ती म्हणून केली होती. पहिल्या दिवसांत पतंग कमी होते. पिशवीत काहीच नसलं की बाया रकाना रिकामा सोडायच्या. मी आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "काहीच नाई सापडलं तं काय लिहू वं? नाईले बी लिहा लागते काय?" मला ते पटलं. कशाला त्यांना त्रास? मी कोडमध्ये एक ओळ टाकली, रकाना रिकामा असेल तर शून्य धर. एकच ओळ. लिहायला दहा सेकंदही लागले नसतील. आकड्यांच्या अभ्यासाचं कुठलंही पुस्तक काढा, सुरुवातीलाच सांगितलेलं असतं की रिकामी जागा आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मीही ते सांगतच आले होते.

पोळा झाला. गणपती बसले. महालक्ष्म्यांना मी आत्याकडे गेले. दारात शेणाचा सडा, आत आंबील शिजत होती, घरभर केवड्याचा आणि उदबत्तीचा वास. मी हातपाय धुऊन नमस्कार केला तोच आत्याने हाताला धरून मला मागच्या दाराने बाहेर नेलं. महालक्ष्म्या घरात असताना ती वावरात निघाली, म्हणजे काहीतरी होतं. पऱ्हाटीच्या तिसऱ्या ओळीत थांबून तिने एक फूल दाखवलं. फूल उमललंच नव्हतं. पाकळ्या एकमेकींना चिकटून, पिळून, गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या. याला आमच्याकडे डोमकळी म्हणतात, आणि ती उघडली की आत अळी असते. आत्याने उघडली. होती.

"हे कधीपासून हाये, आत्या?"

"पोयाच्या चौथ्या-पाचव्या दिसापासून."

"मंग मले फोन काहून नाई केला?"

आत्याने हातातलं फूल चुरगाळलं. "तुह्या फोनात हिरवं दिसून राह्यलं होतं, मंजू. म्या म्हनलं, माह्या डोयापेक्षा त्याले जास्त समजत असन."

मी शिकले-सवरले त्याचं चीज झालं असं वडील म्हणायचे. त्या ओळीत उभी असताना मला वाटलं की यापेक्षा मी काहीच न शिकता आत्याबरोबर निंदणाला गेले असते तर बरं झालं असतं. चाळीस वर्षं पऱ्हाटी पाहिलेल्या बाईने माझ्या हिरव्या ठिपक्यासाठी स्वतःचे डोळे बाजूला ठेवले होते. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली, कारण दिवाळीचं तिचं बोलणं मी विसरले नव्हते.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. एकीकडे बाया आरत्या म्हणत होत्या, आणि मी मागच्या अंगणात तुळशीजवळ बसून आकडे खाली-वर करत होते. आत्याचा सापळा: पोळ्याच्या आदल्या दिवशी आठ. पोळ्याला शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. मग नऊ, मग सात. सलग तीन दिवस आठ किंवा जास्त झालेच नाहीत, म्हणून हिरवा ठिपका. बाकीचे सापळे पाहिले. अठराच्या अठरा सापळ्यांत पोळ्याला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शून्य. पतंगांनीही पोळ्याची सुटी घेतली होती म्हणायची. ते शून्य नव्हतेच. ते रिकामे रकाने होते, आणि शून्याचे कपडे त्यांना मी चढवले होते.

आता ते आकडे गेले, असंच मला वाटलं. अशा वेळी आम्ही लोक काय करतो, तर आजूबाजूच्या दिवसांवरून अंदाजाने खड्डा बुजवतो. मी तेच करायला घेतलं होतं. तेवढ्यात आत्या आंबिलीची वाटी घेऊन आली.

"पोयाले तू वावरात नाई गेलती न?" मी उगाच विचारलं.

"गेलती न. वावर पाह्याले तं रोजच जा लागते."

"मंग लिहिलं काहून नाई?"

"अवसेले वावरात काम नाई करत आपुन." ती मलाच समजावून सांगू लागली. "बैल जुपत नाई, इया-खुरपं लावत नाई. लिहिनं काम होय का नाई? तूच तं म्हनली होती, हे रोजचं काम समजा म्हनून. पाहनं काम नोहे. पाहून आली म्या."

पोळा श्रावणाच्या अवसेला येतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा, तोही सुटीचाच. मी हे माहीत असून कोडला सांगितलं नव्हतं.

"मंग आत्या," मी वाटी खाली ठेवली, "तुले आठोते काय, किती होते?"

"आठोते न. पोयाले नऊ. पिशवी सोडली नाई, बाहेरूनच मोजले. दुसऱ्या दिसी बावीस दिसले. त्यातले कालचे नऊ काहाडले का तेरा. तिसऱ्या दिसी पिशवी सोडली तं नवे नऊ. तेवढेच लिहिले. मागचे कायले लिहू, थे तं अवसेचे होते."

आठ, नऊ, तेरा, नऊ. मी ते टाइप केले आणि आत्याच्या नावापुढचा ठिपका तांबडा झाला.

त्या दुपारी मी आठही घरं फिरले. महालक्ष्म्यांचं जेवण चाललेल्या घरांत, हातात वही घेऊन, एखादी वेडी बाई फिरावी तशी. प्रत्येकीला विचारलं आणि प्रत्येकीने सांगितलं. कोणी थांबून आठवलं नाही, कोणी अंदाजे म्हणालं नाही. एकीने तर दोन्ही दिवसांचे आकडे पोळी लाटता लाटता सांगितले, लाटणं न थांबवता. तांड्यावर गमली याडीने ओढणीची दोन टोकं पुढे केली. त्यांना गाठी होत्या. एका टोकाला पोळ्याच्या अकरा, दुसऱ्याला तान्ह्या पोळ्याच्या चौदा.

"लिहाचे राह्यले होते म्हनून सोडल्या नाई," ती म्हणाली. "मधात दोनदा ओढनी धुतली. गाठी तशाच ठेवल्या."

मी तिथेच पिंपळाखालच्या दगडावर बसले. नोंद पोचल्याची खूण आल्याशिवाय पुसायची नाही, हे जमवायला मला आठवडा लागला होता आणि त्यावर मी स्वतःची पाठ थोपटली होती. याडीने ते ओढणीत बांधून ठेवलं होतं. मी आकडे लिहून घेतले, पिंपळाखाली उभी राहून पाठवले, हिरवी खूण आली. ती मी याडीला दाखवली तेव्हा तिने सावकाश एकेक गाठ सोडली. पंचवीस गाठी.

सगळे आकडे बसल्यावर आलेख पुन्हा काढला. जिथे आधी दोन दिवसांचा खड्डा होता तिथे आता उंच टेकडी होती. सगळ्या वावरांत, एकाच ठिकाणी. ज्या काळोख्या रात्रींत पतंग सर्वांत जास्त उडाले, नेमक्या त्याच दिवशी माणसं लिहीत नव्हती. पुढच्या अवसेलाही तशीच टेकडी आली, दिवाळीच्या अवसेलाही आली. अठरा सापळ्यांच्या एका हंगामावरून सिद्धांत मांडू नये, हे मला कळतं, आणि मी मांडतही नाही. पण चंद्र, पतंग, पऱ्हाटी आणि आत्या हे सगळे एकाच पंचांगावर चालले होते आणि फक्त माझं कोड वेगळ्यावर, एवढं त्यात दिसत होतं. आत्याला आलेख दाखवला तर तिने मान डोलावली. "अवसेले पाखरं जास्त राहते, हे कोनाले नाई माहीत?" मला नव्हतं माहीत. मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या बाया वावरांत उतरल्या. डोमकळ्या खुडून बादलीत, बादली भरली की जाळायच्या. जिथे लागेल तिथे फवारणी. मीही आठ दिवस सुटी टाकून आत्याच्या ओळींत होते. माझी कंबर मोडली. आत्याची मोडली नाही. खालची बोंडं गेलीच, ती कवडीच निघाली, आणि त्या बोंडांचा दोष माझ्या एका ओळीचा आहे हे मी कुणापासून लपवत नाही. पण वरचा कापूस पांढराशुभ्र फुटला. वेचणी संपली, आणि आत्या नेहमीसारखी फरदडीसाठी, उरल्यासुरल्या बोंडांच्या दुसऱ्या पिकासाठी, थांबली नाही. आठही जणींनी ठरवून पऱ्हाट्या लवकर उपटल्या, म्हणजे अळीला पुढच्या वर्षापर्यंत राहायला घर नको. वावर ठेक्याने देण्याची गोष्ट तिने काढली नाही. मीही विचारलं नाही. मला भीती होती.

ती ओळ मी अॅपमधून काढून टाकली. आता तिथे रकाना रिकामा राहिला तर रिकामाच राहतो, ठिपका करडा होतो आणि अॅप म्हणतं, माहीत नाही. यंत्राला माहीत नाही म्हणायला शिकवणं हे मी या धंद्यात केलेलं सर्वांत चांगलं काम असेल. आणखी दोन बटणं टाकली, 'काल पाहिलं होतं' आणि 'परवा पाहिलं होतं'. अवस सरली की सुटलेल्या दिवसांचे आकडे त्यांत लिहायचे. आणि प्रत्येकीच्या हातापाया पडून सांगितलं, की काहीच नसलं तर शून्य लिहा. आत्या म्हणाली होती, "पाहीन."

या वर्षीही आत्याने पऱ्हाटी लावली. श्रावणात सापळे लागले. पतंग एक, दोन, कधी एकही नाही. एकही नसला की आत्या जुन्या सवयीने रकाना रिकामाच सोडायची आणि माझ्याकडे करडा ठिपका यायचा. दर वेळी फोन करून विचारायचं, "पाहिलं होतं काय?" ती वैतागून म्हणायची, "पाहिलं न माय." मग पोळा आला. मी बाजारात गोंड्यांपुढे उभी राहिले ती याच धास्तीने. काल तान्हा पोळा झाला. अठरा ठिपके दोन्ही दिवस करडे होते आणि मी एकीलाही फोन केला नाही.

आज सकाळी चहा टाकला तोच फोन वाजायला लागला. एकामागून एक. काल पाहिलं होतं. परवा पाहिलं होतं. गमली याडीचे दोन आणि एक. कुणाचे तीन. तांबडा ठिपका कुठेच नाही. सगळ्यांत शेवटी आत्याचे दोन्ही दिवसांचे आकडे आले, मराठीत. पोळा: ०. तान्हा पोळा: ०.

अवसेच्या दिवशी, तिथे काही नसणार हे ठाऊक असून, ती वावरात गेली होती, वाकली होती, रिकामी पिशवी उन्हाकडे धरून तिने पाहिली होती. माझा चहा उतू गेला. मग लगेच तिचा फोन आला. म्हणाली, "लिहिलं बरं का. आता तुरीचे शेंडे खुडाले कधी येतं ते सांग."